बंडीवरून घेतलेलं माप

गुलमंडीच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. पाटीवर अजूनही ‘ब्लाउज, फॉल-पिको’ एवढंच लिहिलेलं आहे. आत आलं की डाव्या हाताला ब्लाउज टांगलेले दिसतात आणि उजव्या हाताला माणसाच्या उंचीचे काळे रबरी सूट. नवीन गिऱ्हाईक एकदा तरी दचकतंच. एका बाईंनी तर पिशवी छातीशी धरून विचारलं होतं, ही माणसं कोण लटकवून ठेवलीत म्हणून. पाणबुड्यांचे कपडे आहेत, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: इथं समुद्र कुठाय?

समुद्र नाही, पण धरणं आहेत, आणि धरणाला दारं असतात. त्या दारांच्या खाचांत गाळ बसतो, जाळ्यांत झाडंझुडपं अडकतात, रबराच्या पट्ट्या झिजतात. तेवढ्यासाठी कुणी धरण रिकामं करत नाही, माणूस खाली उतरवतात. वाळूजला एका शेडमध्ये जाधव नावाच्या गुत्तेदारांचा हाच धंदा होता. नाथसागरापासून पार हिमाचलापर्यंत त्यांची माणसं पाण्यात उतरायची. त्यांचे सूट शिवणं, दुरुस्त करणं आणि कोणत्या पाण्याला कोणता सूट न्यायचा ते सांगणं, हे काम मी छत्तीस वर्षांच्या शिवणकामापैकी बावीस वर्षं केलं.

माझ्याकडे हे काम आलं ते ब्लाउजमुळे. जाधवांचे फाटके सूट आधी आमच्याच बोळातल्या एका जेन्ट्स टेलरकडे जायचे. हात चांगला होता त्याचा, पण शर्ट-पॅन्टवाला माणूस. कापड अंगापासून दोन बोटं सुटं राहिलं पाहिजे, हवा खेळली पाहिजे, बसता-उठता आलं पाहिजे, हे त्याच्या हाडात भिनलेलं. त्याने शिवलेला सूट घालून गडी पाण्यात उतरला की दहा मिनिटांत कुडकुडत वर. एक दिवस जाधव वैतागून माझ्या पायरीवर बसले आणि म्हणाले, ताई, अंगाला चिकटून बसेल असं या बोळात कोण शिवतं? मी हातातला ब्लाउज वर धरून दाखवला. आपल्याकडे अंगाबरोबर शिवायचा कपडा हा एकच.

ज्यांनी हा सूट कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तो रेनकोटसारखा पाणी अडवत नाही. पाणी आत येतंच, मानेतून, मनगटातून, पाठीच्या चेनमधून. पण सूट अंगाबरोबर असेल तर आलेला पातळ थर आतच अडकतो, अंगाच्या उबेनं तापतो आणि त्या कोमट पाण्याच्या अस्तरात माणूस तासभर काम करू शकतो. सूट सैल असेल तर हात हलवला की तापलेलं पाणी बाहेर आणि नवं गार पाणी आत. म्हणजे विहिरीवर रहाट चालवल्यासारखं, फक्त बादलीत माणसाची ऊब. रबरात बारीक बारीक बुडबुडे असतात, ते थंडी अडवतात. सूट जितका जाड तितके ते जास्त. शिवताना दोन तुकडे आधी चिकटवायचे आणि मग वाकड्या सुईनं अर्ध्या जाडीतूनच टाका काढायचा. सुई आरपार गेली की तेवढं भोक झालं.

जाडी किती, हे पाणी ठरवतं. अठ्ठावीस-एकोणतीस अंशांचं मालवणकडचं पाणी असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा सूट पुष्कळ, तोही खरचटू नये म्हणून. वीस-पंचविसाच्या आसपास पाचचा. पंधराच्या खाली गेलं की सातचा, डोक्याला टोपी, हातमोजे, पायमोजे. आणि पाणी दहाच्या खाली असेल तर माझा सूट नेऊच नका, पाणी मुळीच आत न येणारा कोरडा सूट भाड्यानं आणा, हे मी जाधवांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पण आकड्यापेक्षा दोन प्रश्न मोठे. आकडा काठावरचा आहे का तळाचा? मे महिन्यात नाथसागराचं पाणी वर आंघोळीइतकं कोमट असतं आणि पंधरा मीटर खाली अर्ध्या तासात हुडहुडी भरते. शिवाय खाली दाबानं ते बुडबुडे चेपतात आणि सातचा सूट पाचचाही राहत नाही. दुसरा प्रश्न, उतरणारा कोण? मांसल गडी हातपाय झाडत काम करणार असेल तर पाचात भागतं. तेच काम काटकुळ्या माणसानं एका जागी बसून करायचं असेल तर त्याला सात द्या. काठावर उभं राहून बोट बुडवून सूट ठरवणाऱ्या साहेबांशी माझं कायम वाजलं.

उलटी तऱ्हाही असते. वाळूजच्या कारखान्यातले एक तरुण इंजिनीअर लग्नानंतर अंदमानला जाणार होते. त्यांना ‘सगळ्यात भारी’ सूट हवा होता, म्हणजे सात मिलिमीटरचा. तिथलं पाणी गरम आहे, तुम्ही उकडून निघाल, असं मी परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, ताई, घ्यायची तर चांगली वस्तू घ्यावी. ऐन उन्हाळ्यात घरी घालून पाहिला आणि घामानं असा चिकटला की निघेना. त्यांच्या नव्या नवरीचा मला फोन: हे पंख्याखाली पडून आहेत आणि लाल झालेत. मी रिक्षा करून गेले, साबणाचं पाणी बाहीतून ओतलं आणि सोललं त्यांना. अंदमानला ते तीनचा घेऊन गेले.

पण हे लिहायला बसले ते दगडूसाठी.

दगडू पाचोडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. घरी मेंढरं. बाप आणि भाऊ मेंढरांमागे फिरायचे आणि हा आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींत पडलेल्या वस्तू काढायचा. बादल्या, घागरी, एकदा तर सात परस, म्हणजे सात माणसं उभी बुडतील एवढ्या पाण्यातून मोटार, नळी नाही की चष्मा नाही. ते ऐकून जाधवांनी त्याला आणला. अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. दारांच्या अरुंद खाचेत तोच मावायचा, म्हणून जाधवांचा त्याच्यावर जीव. चार वर्षं तो शेडमधले सूट घालून काम करत होता. तिथं रीत अशी, की सूट कुणा एकाचा नसायचा. लहान, मध्यम, मोठा, अंगाला येईल तो उचलायचा. काम संपलं की सगळे सूट माझ्याकडे धुवायला आणि ठिगळाला. प्रत्येक सुटाला आकडा, आणि कोणता सूट कुणी कुठल्या पाण्यात वापरला ते मी वहीत लिहून ठेवायचे, म्हणजे कुठं का फाटला ते कळायचं.

त्या वर्षी हिमाचलातल्या एका धरणाचं काम हिवाळ्यात आलं. पाणी तळाशी बारा अंश. हा आकडा मी जाधवांकडून तीन वेळा वदवून घेतला. एवढ्या गार पाण्यात शेडमधले ढिले-घट्ट सूट चालणार नाहीत, प्रत्येकाला त्याच्या मापाचा सातचा शिवायचा, असं मी सांगितलं आणि ते कबूल झाले. पाच माणसं माप द्यायला आली.

माझ्या दुकानात बायकांचं माप पडद्याआड, पुरुषांचं पुढच्या भागात, दार सताड उघडं ठेवून. पुरुषांनी शर्ट काढायचा, आत पातळ बनियन असेल ते राहू द्यायचं. कापडाच्या बाजारात बाईमाणसानं परक्या पुरुषाला टेप लावायची म्हणजे एवढं पाळावंच लागायचं. दगडूनं शर्ट काढला तर आत बनियन नव्हतं, घोंगडीच्या कापडाची जाड बंडी होती. मी म्हटलं, एवढी काढ. तो खाली बघत म्हणाला, “राहू द्या मावशी. लई थंडी वाजती.” थंडी तेवढी नव्हती. मला वाटलं, लाजतोय. खेड्यातलं पोर, समोर बाई, दारातून येणारी-जाणारी. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. टेप जरा ओढून धरली, मनानं दीड इंच वजा केला आणि वहीत आकडा लिहिला. माझ्या नजरेचा मला तेव्हा फार अभिमान होता.

सूट तयार झाल्यावर प्रत्येकानं घालून दाखवायचा नियम होता. उकिडवं बसायचं, हात वर करायचे, आणि मी पाठीच्या खळग्यात चिमूट धरून बघायचे. चिमटीत रबर आलं तर तिथं पाणी साठणार. दगडू पडद्याआड जाऊन सूट घालून आला. कुठंही चिमूट बसत नव्हती. गळ्याशी मात्र लोकरीची काळी कड दिसली. म्हणजे आत बंडी होती आणि तिच्यामुळंच सूट भरलेला वाटत होता. हे मला दिसलं. तो मान वळवून उभा होता, मी पण वळवली. वाटलं, पोराला कशाला अवघड करायचं.

पुढचं मला हबीबभाईंनी सांगितलं. ते जाधवांच्या माणसांत सगळ्यात जुने, वय झाल्यानं स्वतः फार उतरत नसत, काठावर दोर धरायचे. खाली गेलेल्या माणसाशी बोलणं दोरानं. वरून एक हिसका म्हणजे ठीक आहेस का, खालून एक हिसका म्हणजे ठीक. चार हिसके म्हणजे वर ओढा. हिमाचलात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दगडू खाचेतला गाळ काढायला उतरला. बंडी त्यानं अर्थातच काढून ठेवली होती, भिजलेली लोकर अंगावर घेऊन कोण उतरतं? आणि ती निघाल्यावर सूट अंगावर पोत्यासारखा झाला होता. हात हलवेल तसं बारा अंशांचं पाणी पाठीतून आत जात-येत राहिलं. अर्ध्या तासानं दोराचं उत्तर उशिरा यायला लागलं. मग हबीबभाईंनी एकदा विचारलं तर उत्तर दोनदा आलं, पुढच्या वेळी आलंच नाही. त्यांनी वाट पाहिली नाही, ओढून घेतलं.

वर आला तेव्हा ओठ निळे, डोळे उघडे आणि तोंडानं मेंढरांना हाका. चेन निघेना म्हणून सूट चाकूनं पुढून कापला. तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. छातीवर, पोटावर, पाठीवर पांढरे चट्टे. कोड.

गरम कपडे घेऊन धावत आलेली पोरं जागच्या जागी थांबली. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही, त्यांना घरी तेच शिकवलेलं होतं. हबीबभाईंनी स्वतःचे कपडे उतरवले, दगडूला उघड्या छातीशी घेतलं आणि वरून चादरी ओढून घेतल्या. तासाभरानं दगडूला थांबलेली थरथर पुन्हा सुटली, म्हणजे धोका टळला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा स्वतःकडे बघितलं, मग पोरांकडे, आणि तोंड झाकून घेतलं.

काम अर्धं टाकून सगळे परत आले. दगडूला जाधवांनी घरी धाडलं, आराम कर म्हणून. तो आराम किती दिवसांचा ते त्यालाही कळलं होतं. हबीबभाई कापलेला सूट घेऊन माझ्याकडे आले. मी तो टेबलावर पसरून मोजला, दगडूला बसणाऱ्या शेडमधल्या सुटाच्या मापाशी ताडला आणि मग पायरीवर जाऊन बसले. छातीत दोन इंच जास्त होता, कमरेत सव्वादोन. दीड इंच वजा करूनसुद्धा. बावीस वर्षांत माझ्या हातून बरीच रबरं वाया गेली, पण माणूस जाता जाता राहिला तो हा एकदाच. आणि नजर चुकली म्हणून नाही, दिसलेलं असून गप्प बसले म्हणून.

जाधवांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, माझं काही नाही. पण पोरं म्हणतात, त्यानं घातलेला सूट आम्ही घालणार नाही. एका माणसासाठी चार कसे सोडू?” माणूस मनानं कोता नव्हता, अडचणीत होता.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी मी एसटीनं तिथं गेले. दगडू आईबरोबर लोकर घेऊन बसला होता, अंगात तीच बंडी. मला पाहून उठला, पोतं झटकून बसायला दिलं. आई चहा सांगायला गेली. मी त्याला सांगितलं की चूक माझी आहे, मी माप बंडीवरून घेतलं आणि ट्रायलला बंडी दिसूनही बोलले नाही.

“तुमची काहून? म्याच नाय काढली,” तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे, मला सांगितलं असतंस तर दार लावून घेतलं असतं.

तो लोकर चिवडत म्हणाला, “दाराचं नव्हतं मावशी. सूट समद्यांचा असतोय. ह्याच्या अंगातला काढला का त्याच्या अंगात. कळलं असतं, तर कुनी घातला असता? चार वर्सं म्या अंधारात कपडे बदलले, कुनाला दिसू दिलं नाय.”

यात लागण वगैरे काही नसतं, डॉक्टरांना विचार, असं मी म्हणाले. तो हसला. “डाक्टरला म्हायती हाय. पोरांना नाय ना.”

मला एकदम माझी वही आठवली. त्याला म्हटलं, उद्या दुपारी वाळूजला ये. तो नको म्हणाला. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या त्याच्या आईनं ऐकलं आणि ती त्याच्यावर वैतागली, बाई एवढ्या लांबून आली आन् तू नाय म्हनतो.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळे होते. जाधव, हबीबभाई, चार पोरं आणि दाराशी दगडू, आत न येता. मी वही उघडली. भाषण मला येत नाही, मी फक्त वाचलं. सूट सहा: नाथसागर, दगडू. मग तोच सूट पंधरा दिवसांनी संतोष. मग दगडू. मग पुन्हा संतोष. सूट नऊ: दगडू, दुसऱ्याच दिवशी ओलाच विलास. सूट चार: दगडू, संतोष, दगडू, गणेश. चार वर्षांची पानं होती. तिसऱ्या पानाला संतोष आपली मनगटं उलटसुलट करून बघायला लागला. मी चष्मा काढून विचारलं, बघ बाबा नीट, काही दिसतंय का? तो ओशाळला.

हबीबभाईंनी सदऱ्याची बटणं सोडून छाती दाखवली आणि शांतपणे म्हणाले, “घंटाभर सीने से लगा को बैठा था मैं. मेरेकु क्या हुआ, देखो.”

विलासनं दुसऱ्या आठवड्यात काम सोडलं, तो अजूनही वाटेत दिसला तर मान वळवतो. बाकीचे तिघे राहिले. एकदम सगळं गोड झालं असं नाही. गणेश पुढे कितीतरी दिवस आपलं ताट वेगळं ठेवायचा. पण संतोषनं त्याच दिवशी खुंटीवरून सहा नंबरचा सूट काढला आणि मला म्हणाला, मावशी, ह्याची बाही उसवलीय, तेवढी बघा. सगळ्यांसमोर त्यानं तो खांद्यावर टाकून माझ्या रिक्षात आणून ठेवला. जाधवांनी दगडूला विचारलं, उरलेलं काम पुरं करायला येतोस का? तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, आधी दुकानात ये, माप द्यायचंय.

तो आला. मी दार लावायला उठले तर म्हणाला, “असू द्या उघडं.” शर्ट काढला, बंडी काढली, घडी करून टेबलावर ठेवली आणि हात पसरून उभा राहिला. बोळातून माणसं जात होती. एकानं थांबून पाहिलंही. दगडूचे हात खाली आले नाहीत. मी टेप लावली. छाती एकतीस, कंबर सव्वीस. एवढ्या बारीक माणसाला मी तेहेतिसाचा सूट दिला होता. टेप धरताना माझी बोटं त्याच्या चट्ट्यांना लागत होती आणि त्याचं अंग गरम होतं, आपल्या सगळ्यांचं असतं तितकंच. एवढी साधी गोष्ट मला कळायला इतकी वर्षं का लागली, याची मला त्या वेळी लाज वाटली. मग मी दर दोन इंचांवर माप घेतलं, मानेपासून घोट्यापर्यंत, आणि कुठलाही आकडा मनानं लिहिला नाही.

तो सूट शिवायला आठ दिवस लागले. पाठीला एक जास्तीचा तुकडा घातला, चेनच्या आतून. ट्रायलला पाठीच्या खळग्यात चिमूट धरून बघितली, तीनदा.

ते लोक पुन्हा हिमाचलात गेले. ज्या दिवशी दगडू उतरणार होता त्या दिवशी सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावली आणि उसवत बसले. दुपारी फोन वाजला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग दगडूचा आवाज. पाऊण तास खाली होता, खाच साफ झाली, असं त्यानं सांगितलं. मी त्याला एकच विचारलं, आत पाणी आलं का?

“आलं ना. पाठीतून आलं, लई गार.”

मग, म्हटलं.

“मग काय नाय मावशी. आतच बसलं. गरम झालं.”

तो हॅलो, हॅलो करत राहिला आणि मी फोन कानाला धरून रडत बसले.